उद्याच्या कराची आज उचल

मे २०१३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात काही दिवसांच्या अंतराने दोन निर्णय जाहीर झाले. महापौर राह्म इमॅन्युएल यांनी मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या परिसरात हॉटेल आणि बास्केटबॉलचे बंदिस्त क्रीडागार उभारण्याची योजना मांडली आणि तिच्यासाठी महापालिकेच्या एका निधीतून साडेपाच कोटी डॉलर देण्याचे ठरवले. त्याच महिन्यात शहराच्या शिक्षण मंडळाने ५० सार्वजनिक शाळा बंद करण्याचा ठराव संमत केला. विद्यार्थ्यांची घटती संख्या आणि मंडळाची प्रचंड तूट अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. बंद झालेल्या बहुतेक शाळा कृष्णवर्णीय वस्त्यांमधील होत्या. शाळांना पैसा नाही आणि क्रीडागाराला आहे, हे गणित पालकांना उलगडेना. महापालिकेचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होते. हा पैसा वेगळ्या खात्यातला असून कायद्याने तो शाळांच्या दैनंदिन खर्चासाठी वापरता येत नाही, असे सांगण्यात आले.

हे वेगळे खाते म्हणजे ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’, अर्थात वाढीव करउत्पन्नावर आधारलेला वित्तपुरवठा. अमेरिकेत त्याला सर्रास ‘टिफ’ म्हणतात. नागरी पुनर्विकासासाठी तेथील स्थानिक स्वराज्य संस्था ज्या आर्थिक साधनांचा आधार घेतात, त्यांतील हे सर्वाधिक प्रचलित आणि बहुधा सर्वाधिक वादग्रस्त साधन होय. अ‍ॅरिझोनाचा अपवाद सोडल्यास जवळजवळ प्रत्येक राज्यात त्याला कोणत्या ना कोणत्या स्वरूपात कायद्याची मान्यता आहे.

करवाढ नव्हे, करातील वाढ

या पद्धतीचे मूळ तत्त्व सोपे आहे. शहरातील एखादा मागासलेला विभाग निवडून त्याच्या सीमा नकाशावर आखायच्या आणि त्या दिवशी तेथील सर्व मालमत्तांचे जे करपात्र मूल्य असेल, ते ‘आधारभूत मूल्य’ म्हणून गोठवायचे. समजा, हे मूल्य १०० कोटी आहे. पुढे विभागात नव्या इमारती आल्या, जुन्यांचे भाव चढले आणि दहा वर्षांनी मूल्य २५० कोटींवर गेले. पहिल्या १०० कोटींवरील मालमत्ता कर पूर्वीप्रमाणेच महापालिका, शिक्षण मंडळ, उद्यान मंडळ, काउंटी अशा सर्व करधारक संस्थांमध्ये वाटला जातो. वरच्या १५० कोटींवरील कर मात्र या संस्थांकडे न जाता त्या विभागाच्या स्वतंत्र निधीत जमा होतो आणि त्याच विभागाच्या विकासावर खर्च होतो. इलिनॉय राज्यात ही मुदत २३ वर्षांची असून विधिमंडळाच्या संमतीने ती ३५ वर्षांपर्यंत वाढवता येते.

हा निधी वापरण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. भविष्यातील वाढीव कर तारण ठेवून महापालिका कर्जरोखे विकू शकते आणि हाती आलेल्या पैशातून रस्ते, जलवाहिन्या, पूल आधी बांधू शकते. कधी विकासकाने स्वतःच्या खर्चाने ही कामे करायची आणि कर जमा होईल तसतशी त्याला परतफेड करायची, असा करार होतो. कधी साठलेल्या रकमेतून दरवर्षी लहानमोठी कामे उरकली जातात. पहिल्या प्रकारात अपेक्षित विकास न झाल्यास धोका महापालिकेचा किंवा रोखेधारकांचा असतो, तर दुसऱ्यात बराचसा विकासकाचा. या साधनावरील चर्चेत हा भेद पुष्कळदा हरवतो आणि मग चुकीच्या प्रकल्पावर चुकीचा आरोप होतो.

मालमत्ता कराचा दर न वाढवता, राज्यापुढे हात न पसरता, विकासाने विकासाचा खर्च भागवायचा, हे या योजनेचे आकर्षण. आपल्याकडील ऊसतोडणी कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढच्या तोडणीतून ती फेडतो. टिफ हीदेखील एक प्रकारची उचलच आहे. फरक इतकाच की, येथे उचल घेणारी संस्था एक असते आणि फेड होत असताना ज्यांचा हिस्सा कापला जातो, त्या संस्था दुसऱ्या असतात.

कॅलिफोर्नियात जन्म

या कल्पनेचा उगम कॅलिफोर्नियात झाला. १९४९ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याने गलिच्छ वस्त्यांच्या निर्मूलनाचा दोन तृतीयांश खर्च केंद्र सरकारने उचलण्याचे मान्य केले. उरलेला एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उभा करावयाचा होता. नवे कर लादायचे तर मतदार नाराज होणार. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे भावी वाढीव कर. १९५२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून त्यास पक्के अधिष्ठान देण्यात आले.

लॉस एंजेलिसमधील बंकर हिल ही टेकडी त्या काळाची साक्षीदार आहे. व्हिक्टोरियन धाटणीच्या जुन्या घरांतून भाड्याने राहणारे हजारो वृद्ध व अल्प उत्पन्नाचे रहिवासी तेथून हलवले गेले, घरे पाडली गेली आणि पुढील काही दशकांत तेथे कार्यालयांचे मनोरे व सांस्कृतिक वास्तू उभ्या राहिल्या. १९५९ मध्ये मंजूर झालेली ही योजना अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिली. जमिनीचे मूल्य वाढले, करही वाढला. त्या वाढीत मूळ रहिवाशांचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

१९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ या जनमताच्या कौलाने कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर कडक मर्यादा आली. शहरांची इतर आर्थिक दारे बंद झाल्यामुळे पुनर्विकास संस्थांचे पेव फुटले. पुनर्विकास क्षेत्र आखले की शाळा आणि काउंटीकडे जाणारा वाढीव कर आपल्याकडे वळवता येतो, हे छोट्या छोट्या नगरांच्याही ध्यानात आले. संघीय मदतीला जोड म्हणून जन्मलेले साधन अशा रीतीने मूळ मदत आटल्यानंतर स्वतंत्रपणे वाढू लागले आणि एकामागून एक राज्यांनी ते स्वीकारले. इलिनॉयने १९७७ मध्ये कायदा केला, तर शिकागोने आपला पहिला विभाग १९८४ मध्ये, हॅरोल्ड वॉशिंग्टन महापौर असताना, शहराच्या मध्यवर्ती ‘लूप’ भागात निर्माण केला.

‘ऱ्हासग्रस्त’ म्हणजे काय?

कायद्याच्या दृष्टीने टिफ विभाग कोठेही आखता येत नाही. तेथे नागरी ऱ्हास झालेला असला पाहिजे आणि सार्वजनिक मदतीवाचून खासगी विकास होणे संभवनीय नसले पाहिजे, अशा दोन अटी आहेत. दुसरी अट सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, कारण न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोण देणार? त्यामुळे सारा भार पहिल्या अटीवर येतो आणि ती तर कमालीची लवचीक आहे. इलिनॉयच्या कायद्यात ऱ्हासाची १३ लक्षणे दिली असून त्यांपैकी पाच आढळली तरी बांधकाम असलेला परिसर ऱ्हासग्रस्त ठरू शकतो. ‘संवर्धन क्षेत्र’ नावाचा आणखी सौम्य प्रकार आहे. निम्म्या इमारती ३५ वर्षांपेक्षा जुन्या असाव्यात आणि तीन लक्षणे आढळावीत, एवढे त्यासाठी पुरते. शिकागोसारख्या शहरात ३५ वर्षांहून जुन्या इमारती कोठे नाहीत? या मोजपट्टीने मुंबईचा फोर्ट किंवा पुण्याचे डेक्कन जिमखानाही सहज बसेल.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. रिचर्ड एम. डेली यांच्या १९८९ ते २०११ या प्रदीर्घ कारकिर्दीत विभागांची संख्या १६० च्या वर गेली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. शिकागोचा महापौर आपल्याकडील महापौरासारखा मानापुरता नसतो. आपल्याकडे आयुक्तांकडे असणारे बहुतेक अधिकार तेथे त्याच्या हाती असतात. टिफ विभागांची छाननी करणाऱ्या आयोगाचे सदस्य तोच नेमतो. १९९५ च्या कायद्यानंतर शिक्षण मंडळाच्या नेमणुकाही त्याच्याच अखत्यारीत गेल्या. शाळांचा हिस्सा वळवला जात असताना हरकत घेण्याचा कायदेशीर मंच शिक्षण मंडळाला उपलब्ध होता, पण ज्याने नेमले त्याच्याच प्रस्तावाला विरोध करणार कोण? मंडळाचे सदस्य निवडणुकीने येण्याची सुरुवात नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, आणि तीही अंशतः.

दरवर्षी कोट्यवधी डॉलर जमा होणाऱ्या या खात्यांचा तपशील शहराच्या मुख्य अंदाजपत्रकात कित्येक वर्षे नीट दिसत नसे. ‘शिकागो रीडर’ या साप्ताहिकाचे पत्रकार बेन जोरावस्की यांनी वर्षानुवर्षे या विषयाचा पाठपुरावा केला, तेव्हा कोठे टिफ हा नगरसेवकांच्या बैठकीतून सामान्य नागरिकांच्या बोलण्यात आला.

पैसा गेला कोठे?

सगळाच पैसा वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लूपमधील जुन्या नाट्यगृहांचे पुनरुज्जीवन या निधीतून झाले. जगभरच्या पर्यटकांना आकर्षून घेणाऱ्या मिलेनियम पार्कच्या खर्चातही त्याचा वाटा होता. गंमत म्हणजे काही नव्या शाळांच्या इमारतीही याच पैशातून बांधल्या गेल्या. अर्थात, शिक्षकाचा पगार इमारतीच्या पैशातून देता येत नाही.

त्याचबरोबर २००६ मध्ये शहराच्या वित्तीय केंद्रातील लासाल मार्गाच्या परिसरात, म्हणजे जेथे बँकांची मुख्यालये आणि वायदेबाजार आहेत तेथेही, विभाग आखला गेला. त्यातून मोठ्या कंपन्यांना कार्यालयांच्या नूतनीकरणासाठी आणि स्थलांतरासाठी अनुदाने मंजूर झाली. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या मालक कंपनीला मंजूर झालेल्या दीड कोटी डॉलरवर इतकी टीका झाली की, २०१२ मध्ये कंपनीने त्या रकमेवर पाणी सोडले. मॅकॉर्मिक प्लेसच्या साडेपाच कोटींची कथा तर अधिकच वळणावळणाची निघाली. क्रीडागारावर टीका झाल्यानंतर ही रक्कम शेजारच्या हॉटेल प्रकल्पाकडे वळवल्याचे सांगण्यात आले. पुढे २०१७ मध्ये ‘बेटर गव्हर्नमेंट असोसिएशन’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने कागदपत्रे धुंडाळून दाखवले की, अखेर हा पैसा हिशेबाच्या फिरवाफिरवीतून नेव्ही पिअर या सरोवरकाठच्या पर्यटनस्थळापर्यंत पोहोचला होता.

आणि जेथे खरोखर गरज होती तेथे? या पद्धतीतला सर्वांत मोठा विरोधाभास येथेच आहे. जेथे जमिनीचे भाव आपोआप चढतात, तेथील निधी भरभरून वाहतो. दक्षिण शिकागोतील रिकाम्या भूखंडांच्या वस्त्यांमध्ये मूल्यच वाढत नाही, मग वाढीव कर यायचा कोठून? शेजारच्या विभागातून पैसा वळवण्याची मुभा आहे, पण तीही सीमा लागून असेल तरच. एंगलवुड या गरीब वस्तीत ताज्या अन्नधान्याचे चांगले दुकान यावे म्हणून महापालिकेने टिफमधून सुमारे १ कोटी ७ लाख डॉलर घातले. २०१६ मध्ये ‘होल फूड्स’चे दुकान मोठ्या समारंभाने सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद पडले. कंपनीने काढता पाय घेतला तरी दिलेले पैसे परत येत नाहीत.

बिल कोणाच्या नावावर?

टिफमुळे कोणाचाही कर वाढत नाही, हे विधान वारंवार केले जाते. शिकागोच्या करपद्धतीत ते खरे नाही आणि का नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

इलिनॉयमध्ये मालमत्ता कराचा दर आधी ठरत नाही. प्रत्येक संस्था वर्षाला आपल्याला अमुक इतके डॉलर हवेत असे कळवते. ही रक्कम भागिले उपलब्ध करपात्र मूल्य, म्हणजे दर. टिफ विभागातील वाढीव मूल्य या भागाकारातून वगळलेले असते. भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो. म्हणजेच शाळा, उद्याने, काउंटी यांना लागणारी रक्कम उरलेल्या मूल्यावरून वसूल केली जाते आणि दर शहरभर वाढतो. तोच वाढलेला दर टिफ विभागातही लागू होत असल्याने तेथील निधी आणखी फुगतो. दूरच्या उपनगरी वस्तीतील घरमालक आपल्या बिलात या वाढीचा भार सोसतो, पण ती वाढ कशामुळे झाली हे त्याला समजण्याचा मार्ग नसतो.

मग शाळांचे नुकसान होत नाही काय? होते, पण वेगळ्या वाटेने. शिक्षण मंडळाच्या वार्षिक मागणीवर राज्याची कमाल मर्यादा आहे: पाच टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जो कमी असेल तेवढीच वाढ. नव्या बांधकामांवरील कर या मर्यादेच्या बाहेर धरला जातो. शहर वाढले की शाळांचे उत्पन्न वाढावे, हा त्यामागचा हेतू. परंतु नवे बांधकाम टिफ विभागात झाले असेल तर विभागाची मुदत संपेपर्यंत ते हिशेबातच येत नाही. नवा मनोरा उभा राहतो, त्यात कुटुंबे राहायला येतात, मुले शाळेत जातात, आणि त्या मनोऱ्याचा कर दोन दशके शाळेला मिळत नाही. शिकागोतील मालमत्ता कराचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षण मंडळाचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणाच्या ताटातून सर्वाधिक जाते, हे वेगळे सांगावयास नको.

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनीही बरेच काम केले आहे. रिचर्ड डाय आणि डेव्हिड मेरिमन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो महानगर प्रदेशातील नगरांची तुलना केली. टिफ स्वीकारणाऱ्या नगरांतील मालमत्तामूल्ये न स्वीकारणाऱ्यांपेक्षा वेगाने वाढलेली नव्हती. उलट त्यांची वाढ मंद होती. २०१४ मध्ये विल्यम लेस्टर यांनी खुद्द शिकागो शहराची पाहणी केली, तेव्हाही टिफवाचून हा विकास झाला नसता असे दाखवणारा पुरावा आढळला नाही. मेरिमन यांनीच २०१८ मध्ये लिंकन इन्स्टिट्यूटसाठी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. काही ठिकाणी लाभ झाला, पण बहुसंख्य अभ्यासांत अपेक्षित आर्थिक वाढ दिसून आली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पुष्कळ वेळा टिफ विकास निर्माण करत नाही, होऊ घातलेल्या विकासावर आपले नाव घालते.

या संशयाला २०१९ मध्ये भरपूर खाद्य मिळाले. इमॅन्युएल यांची कारकीर्द संपायला महिनाभर उरला असता, एप्रिलमध्ये नगर परिषदेने दोन महाकाय प्रकल्पांना मंजुरी दिली. उत्तरेकडील ‘लिंकन यार्ड्स’साठी १३० कोटी डॉलरपर्यंत आणि दक्षिण लूपमधील ‘द ७८’साठी ११० कोटी डॉलरपर्यंत. लिंकन यार्ड्सची जागा जुन्या पोलाद कारखान्याची असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना शहरातील श्रीमंत वस्त्या आहेत. अशी जागा सार्वजनिक मदतीशिवाय ओसाड राहिली असती हे मानणे कठीण, असे विरोधकांचे म्हणणे होते. पालकांच्या व नागरिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण दावा टिकला नाही. आश्चर्य म्हणजे त्यानंतर प्रकल्पच रखडला. महासाथ, चढे व्याजदर आणि कार्यालयांची घटलेली मागणी यांपुढे विकासकाचा निभाव लागला नाही आणि २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकेने मोठ्या भूभागाचा ताबा घेतला. पायाभूत कामे विकासकाने आधी करायची आणि परतफेड नंतर घ्यायची असा करार असल्याने महापालिका मोठ्या फटक्यातून वाचली. ‘द ७८’च्या जागेवर २०२५ मध्ये फुटबॉल मैदानाची योजना जाहीर झाली. मैदानाचा ६५ कोटी डॉलरचा खर्च खासगी असेल, असे संघमालकाने सांगितले.

जन्मभूमीतच शेवट

कॅलिफोर्नियात तोपर्यंत या पद्धतीचा एक अध्याय संपला होता. तेथील पुनर्विकास संस्थांची संख्या ४०० च्या घरात गेली होती आणि राज्यातील एकूण मालमत्ता करापैकी सुमारे १२ टक्के, म्हणजे वर्षाला ५०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांच्याकडे जात होती. शाळांची कमी भरून काढण्याची जबाबदारी त्या राज्यात सरकारवर असल्याने प्रत्यक्षात हा बोजा राज्याच्या तिजोरीवर पडत होता. २०११ मध्ये राज्याच्या लेखानियंत्रकांनी १८ संस्थांची तपासणी केली. पाम डेझर्ट या सुखवस्तू नगरात दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम आलिशान गोल्फ मैदानाच्या सुधारणेसाठी राखल्याचे तीत उघड झाले. गोल्फचे हिरवेगार मैदान ‘ऱ्हासग्रस्त’ कसे, यावर वर्तमानपत्रांनी यथेच्छ लिहिले.

गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याच वर्षी या संस्था बरखास्त करण्याचा प्रस्ताव मांडला. हेच ब्राउन ओकलंडचे महापौर असताना (१९९९ ते २००७) त्यांनी मध्यवस्तीत दहा हजार नवे रहिवासी आणण्यासाठी याच निधीचा हिरिरीने वापर केला होता. राज्याची तूट समोर आल्यावर मत पालटले. शहरांनी न्यायालयात धाव घेतली. राज्याने पुनर्विकासाच्या पैशाला हात लावू नये म्हणून शहरांनीच २०१० मध्ये जनमताने एक घटनादुरुस्ती करून घेतली होती. डिसेंबर २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे निकाल दिला. शहरांनी राज्याला ठरावीक रक्कम देऊन संस्था टिकवाव्यात, ही तडजोड त्या दुरुस्तीमुळे अवैध ठरली. संस्था बरखास्त करण्याचा राज्याचा अधिकार मात्र कायम राहिला. स्वसंरक्षणासाठी बांधलेल्या भिंतीखालीच शहरे सापडली. १ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्व संस्था विसर्जित झाल्या. त्यात एक नुकसानही झाले. वाढीव कराचा पाचवा हिस्सा अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी राखणे या संस्थांना बंधनकारक होते, तो स्रोतही आटला. राज्यातील घरटंचाईच्या चर्चेत त्याची आठवण अजून निघते.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने नवा कायदा केला, तेव्हा शाळांच्या हिश्शाला हात लावता येणार नाही अशी व्यवस्था केली आणि इतर संस्थांचा सहभाग ऐच्छिक ठेवला. शिकागोनेही मेट्रोमार्गांसाठी वेगळ्या धर्तीचे टिफ योजले. २०१६ मध्ये रेड व पर्पल मार्गांच्या नूतनीकरणासाठी ६२ कोटींहून अधिक आणि डिसेंबर २०२२ मध्ये रेड लाइनच्या दक्षिणेकडील विस्तारासाठी सुमारे ९६ कोटी डॉलर या मार्गाने उभे करण्याचे ठरले. त्यात शिक्षण मंडळाचा हिस्सा प्रथम बाजूला काढला जातो. उरलेल्यातील ८० टक्के रेल्वेला आणि २० टक्के इतर संस्थांना मिळतात. रेल्वेमार्गामुळे आसपासच्या जमिनीचे मूल्य वाढते ही गोष्ट वादातीत असल्याने ‘याशिवाय विकास झाला नसता’ ही कसोटी येथे अधिक प्रामाणिकपणे उतरते.

भारतातील चर्चाही मुख्यतः वाहतूक प्रकल्पांच्याच अनुषंगाने झाली आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये जमिनीच्या वाढीव मूल्याचा वाटा सार्वजनिक तिजोरीत आणण्यासाठी जे धोरण जाहीर केले, त्यात सुचवलेल्या मार्गांमध्ये टिफचा समावेश आहे. महाराष्ट्राने मात्र प्रामुख्याने चटई क्षेत्रावरील अधिमूल्य, विकास शुल्क आणि एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर लागू झालेला एक टक्का मेट्रो अधिभार, अशा एकरकमी वसुलीवर भर दिला आहे. वर्षानुवर्षे वाढत जाणारा मालमत्ता कर हा टिफचा पाया, आणि मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून तो माफ आहे. शिवाय येथे राज्याचे शिक्षण व रोजगार हमी कर वगळले तर करबिलाचा बहुतेक पैसा एकाच महापालिकेचा असतो. त्यामुळे येथे टिफ आलेच तर झळ दुसऱ्या संस्थेला न बसता त्याच महापालिकेच्या इतर प्रभागांतील रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळांना बसेल.

शिकागोत आता उलटा प्रवाह सुरू झाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या प्रस्तावानुसार नगर परिषदेने १२५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास मान्यता दिली. जुन्या टिफ विभागांची मुदत न वाढवता त्यांना संपू द्यायचे आणि त्यातून महापालिकेकडे परतणाऱ्या करातून घरबांधणी व लघुउद्योगांसाठी काढलेले हे कर्ज फेडायचे, अशी योजना आहे. दुसरीकडे, अजून चालू असलेल्या विभागांत साठलेली रक्कम ‘शिल्लक’ म्हणून जाहीर करण्याची प्रथा वाढली आहे. अशी शिल्लक जाहीर झाली की ती मूळ प्रमाणात सर्व संस्थांना परत मिळते. २०२५ च्या अंदाजपत्रकासाठी ५७ कोटी डॉलर शिल्लक जाहीर झाली, तेव्हा तो विक्रम मानला गेला. २०२६ साठी महापौरांनी सुमारे १०० कोटी डॉलरचा प्रस्ताव मांडला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम तुटीत बुडालेल्या शिक्षण मंडळाच्या वाट्याची होती. आपल्याला किती मिळणार हे मंडळाला आगाऊ कळत नाही आणि पुढच्या वर्षी मिळेल याची शाश्वती नसते, त्यामुळे नव्या शिक्षकांच्या नेमणुका या पैशाच्या भरवशावर करता येत नाहीत.